तृप्तांना राजधानीत जागा नाही

राजधानीत लाइफ कोचचा परवाना फक्त कावळ्यांनाच मिळतो, हे मला माझी बायको शैलजा गेल्यावर कळलं. त्याआधी गरज पडली नव्हती. नियम एकट्या राहणाऱ्यांसाठी आहे. घरात दुसरं माणूस असेल तर सरकार त्यात पडत नाही.

नियमामागचं कारण सरळ आहे. राजधानी ही काहीतरी हवं असणाऱ्या माणसांची जागा आहे. कुणाला बढती हवी असते, कुणाला तिकीट, कुणाला परदेशातलं पोस्टिंग, कुणाला नुसती भेटीची वेळ. ज्याला काहीच नको असतं तो माणूस इथे उगाच सरकारी क्वार्टर अडवून बसतो. एकट्या माणसाच्या बाबतीत हा धोका जास्त. म्हणून त्याने वर्षाच्या आत कोच नेमायचा आणि आपल्याला नेमकं काय हवं आहे ते त्याच्यासमोर सिद्ध करायचं. तीन बैठकांत ते झालं नाही, तर त्या माणसाला ‘तृप्त’ ठरवतात. तृप्त माणसाला महिनाअखेर राजधानी सोडावी लागते. त्याचा अपमान मुळीच करत नाहीत. शाल आणि नारळ देतात, गाडीचं तिकीट देतात, तेही खालच्या बर्थचं.

पद्धत आपल्याकडे दहाव्याला घाटावर असते तीच. स्वतः शिजवलेला भात पत्रावळीवर वाढायचा, थोडं मागे सरायचं आणि आपल्याला काय हवं आहे ते मोठ्याने बोलायचं. बोललेलं खरं असेल तर कोच येऊन पानाला शिवतो. खोटं किंवा अर्धवट असेल तर नुसता बघत बसतो. घाटावर मृताच्या इच्छा नातेवाइकांना ओळखाव्या लागतात. इथे माणूस स्वतः हजर असतो. त्यामुळे काम सोपं होईल असं परवाने देणाऱ्या खात्याला वाटलं होतं. तसं झालं नाही.

मी एका मंत्रालयात मराठी अनुवादक आहे. दुसऱ्यांची वाक्यं इकडून तिकडे नेऊन ठेवतो. स्वतःचं वाक्य बोलायची वेळ फारशी येत नाही, आणि घरी ते काम शैलजाकडे होतं.

कोचची आठवण मला शेजारच्या बोबड्यांनी करून दिली. बोबडे नागपूरचे. बायको-मुलं तिकडेच असल्याने त्यांना फार वर्षांपासून कोच आहे. जिन्यात भेटले की ते भाजीची पिशवी खाली ठेवूनच बोलतात.

“काय करून राहिले रिसबूड भाऊ? कोच पाहिला का नाही अजून?”

“बघतो.”

“बघतो काय? वर्ष भरत आलं नं. असेच एखाद्या दिवशी तृप्त होऊन जान. त्या बाजूच्या ब्लॉकमधले सक्सेना गेले तसे. सोन्यासारखा माणूस. रोज सकाळी ध्यान करे. लागली वाट.”

“तुमचा कोच कसा आहे?”

“माझा? पान ठेवायच्या आधीच खाते तो. मी म्हनतो, नागपूरले बदली पाहिजे, का तो टुणकन येते. इतके वर्षं झाले, एकदाही चुकला नाही.”

“आणि बदली?”

“ते कोचचं काम नाही भाऊ,” बोबडे म्हणाले आणि त्यांनी पिशवी उचलली.

त्याच दिवशी गार्गीचा फोन आला. गार्गी माझी मुलगी, पुण्यात नोकरी करते. फोन आला तेव्हा मी गॅसपाशी उभा होतो.

“काय करतोयस?”

“आमटी.”

“गूळ घातला असशील बचकाभर.”

“एवढासाच घातलाय.”

“आई असती तर…”

“हो,” मी म्हणालो.

मग ती म्हणाली, “बाबा, कोच मिळत नसेल तर सरळ तृप्त हो आणि इकडे ये. मी मागच्या खोलीला रंग लावून घेतलाय. खिडकीतून टेकडी दिसते. तिथे राहून तुला हवंय तरी काय?”

“ते कोचकडे गेल्यावर कळेल.”

“धन्य आहे,” ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

शोधाला मी दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. पहिला कोच एका महागड्या मार्केटमध्ये, पहिल्या मजल्यावरच्या एसीच्या बाहेरच्या खोक्यावर बसायचा. त्याची एक रिसेप्शनिस्ट होती. तिने मला वाट बघायला लावलं आणि लिंबाची चकती घातलेलं पाणी दिलं. चाचणीची बैठक मोजत नाहीत, असंही तिने सांगितलं. मी घरून आणलेला भात वाढला आणि पारख करावी म्हणून म्हणालो, “मला रोज पहाटे उठायचंय.”

कोच शिवला. मला आयुष्यात एकदाही पहाटे उठावंसं वाटलेलं नाही.

“मला चिनी भाषा शिकायचीय,” मी म्हणालो. त्याने पुन्हा दोन घास घेतले.

“मला काहीच नकोय.”

तेही त्याने खाल्लं.

“सर, एक्सलंट क्लॅरिटी,” रिसेप्शनिस्ट म्हणाली. कोचला आता उडता येत नव्हतं. तिने त्याला ट्रेमध्ये घेऊन परत खोक्यावर ठेवलं. मी आभार मानून निघालो.

दुसरा कोच एका सरकारी बागेत सामूहिक बैठका घ्यायचा. तो अत्यंत कडक म्हणून प्रसिद्ध होता. आम्ही सगळे पत्रावळी घेऊन गवतावर ओळीने बसलो. माकडांनी भात पळवू नये म्हणून खात्याने एक लंगूर नेमला होता. तो पाठ खाजवत ओळींमधून फिरत होता. माझ्या शेजारी निवृत्तीला आलेले एक सहसचिव होते. त्यांनी डोळे मिटून सांगितलं, “आता फक्त वाचन, नातवंडं आणि हिमालय.”

कोच दुसरीकडे बघत राहिला.

सहसचिव खाकरले. आवाज खाली आणून म्हणाले, “एखादा आयोग. सदस्य म्हणून घेतलं तरी चालेल.”

कोचने चोच फांदीवर घासली.

“अध्यक्ष,” सहसचिव म्हणाले, आणि कोच झपकन खाली आला.

नंतर माझी पाळी होती. मी म्हणालो, “मला पूर्वीसारखं व्हायचंय.” कोचने मान तिरकी करून माझ्याकडे एका डोळ्याने बघितलं, मग दुसऱ्या डोळ्याने बघितलं, आणि तो पुढच्या पानाकडे गेला. लंगुराने माझा भात खाल्ला. ही बैठक मोजली गेली.

“तुमाले मराठी कोच पाहिजे,” बोबड्यांनी निदान केलं. “दुसऱ्या भाषेत इच्छा सांगनं कठीन जाते. आपल्या दवाखान्यामागे पिलखनचं झाड आहे नं, तिथे नाशिककर बसतात. तोंडाचे फटकळ आहेत, पन माणूस चांगला.”

नाशिककर कावळाच होते, पण बोबडे चांगल्या कोणालाही माणूस म्हणतात.

नाशिककरांची सगळी नोकरी नाशिकला घाटावर झाली होती. राजधानीत ते प्रतिनियुक्तीवर आले आणि परत पाठवायचं खातं विसरलं. त्यांच्या एका पंखाचं टोक पांढरं झालं होतं. मी झाडाखाली उभा राहिलो तेव्हा ते डोळे मिटून बसले होते.

“बसा यजमान,” ते डोळे न उघडता म्हणाले. “चपला तिकडे काढल्यात का? इथे काढाव्या लागत नाहीत. विचारायची सवय जात नाही.”

मी म्हणालो की मी कोचच्या शोधात आहे आणि निवड करण्याआधी थोडी माहिती घेईन.

“घ्या की.”

“तुमचा अनुभव?”

“एकदा एका पेढीवाल्याच्या दहाव्याला सकाळपासून उन्हं डोक्यावर येईपर्यंत बसलो. मुलांनी देऊळ बांधू म्हणून सांगितलं. धाकट्याचं लग्न करून देऊ म्हणाले. भाऊबंदकी मिटवू म्हणाले, तेव्हा तर गुरुजींनासुद्धा हसू आलं. मी हललो नाही. शेवटी म्हातारी चिडून म्हणाली, ‘तुमच्या खुर्चीत कुणाला बसू देणार नाही, झालं?’ मग उतरलो.”

“म्हणजे त्यांचा जीव खुर्चीत अडकला होता?”

“ते मला काय माहीत? मी फक्त उतरतो. का, ते विचारणं आमच्या कामात बसत नाही.”

हे उत्तर मला आवडलं. मी त्यांची निवड केली.

दुसरी बैठक लगेच पुढच्या आठवड्यात झाली. मी दहीभात नेला होता. मी तयारी केली होती आणि मुद्दे मनात लावून ठेवले होते.

“मला बढती हवी आहे,” मी म्हणालो.

“तुम्ही मला विचारताय की सांगताय?”

“कोकणात एकदा जाऊन यायचंय.”

“जा. मी कुठे अडवलंय?”

“मुलगी सुखी असावी.”

“ती मुलीची इच्छा झाली. तिला तिच्या पानावर वाढू द्या.” त्यांनी पंख झटकले. “यजमान, काम काय करता?”

“अनुवादक आहे.”

“वाटलंच. तुम्ही आत कुणीतरी बोलल्यासारखं करता आणि मग बाहेर दुसरंच व्यवस्थित वाक्य आणून ठेवता. थेट बोला.”

मी थेट बोलायचा प्रयत्न केला. पानावर माशा यायला लागल्या.

“बाईंच्या दहाव्याला काय झालं होतं?” नाशिककरांनी विचारलं.

“कावळा लगेच शिवला. आम्ही हात जोडायच्या आत. तिचा भाऊ म्हणाला, पुण्यवान होती, कशात जीव अडकला नाही.”

“आणि तुम्ही?”

“मी काही म्हणालो नाही. जरा वेळ लागला असता तरी चाललं असतं.”

नाशिककर एक फांदी खाली आले. “बोलणाऱ्या होत्या का?”

“फार. भाजीवाल्याशी, बसमधल्या कंडक्टरशी, टीव्हीवरच्या बातम्या देणाऱ्या बाईशी. माझ्या आमटीवर तर रोज. ती सोलापूरची होती. आमटीला गूळ लावणं तिला मान्यच नव्हतं. वाटी पुढे ओढायची आणि म्हणायची, ‘यात पोळी बुडवू की जिलबी?’”

“बरोबर आहे. जे बोलून टाकतात त्यांचं मागे काही राहत नाही. आम्ही अशा पानांवर लगेच उतरतो, काम हलकं असतं. अवघड पडतात ते तुमच्यासारखे.” ते परत वर गेले. “आजची वेळ संपली. पान उचला.”

तिसरी आणि शेवटची बैठक नियमाप्रमाणे राहत्या घरी घ्यायची असते, एका नातेवाइकाच्या आणि तृप्ती निरीक्षकांच्या हजेरीत. गार्गी आदल्या दिवशीच आली. येताना तिने पुठ्ठ्याची खोकी आणली होती.

“अजून ठरलं नाहीये,” मी म्हणालो.

“मी फक्त भांडी भरून ठेवते. राहिलास तर काढू परत.”

सकाळपर्यंत तिने निम्मं स्वयंपाकघर भरलं होतं. दह्याचं भांडंही त्यात गेलं आणि दही तिने खाऊन टाकलं. त्यामुळे मी भाताबरोबर आमटी केली. गुळाची ढेप अजून बाहेर होती.

बैठक मागच्या अंगणात झाली. निरीक्षक त्यागी वेळेवर आले. मऊ आवाजाचे, नीट भांग पाडलेले गृहस्थ होते. त्यांच्या एका पिशवीत शाल आणि नारळ होता. दुसऱ्या पिशवीत दर्भाचा कावळा होता. कोच शिवला नाही तर निरीक्षक दर्भाचा कावळा पानाला लावतात आणि काम पुरं करतात. घाटावरचीच रीत.

“घबराइए मत,” ते मला म्हणाले. “बहुत लोग तो खुशी से जाते हैं।”

बोबडे स्वतःची खुर्ची घेऊन आले होते. नाशिककर भिंतीवर बसले. माझी त्यांची ओळख असल्याचं त्यांनी अजिबात दाखवलं नाही. मी पान वाढलं आणि मागे सरलो.

नातेवाइकांनी बोलायला नियमात मनाई नाही, फक्त त्याचा उपयोग होत नाही. तरी आपली माणसं अशा वेळी गप्प बसत नाहीत.

“बाबा, युरोप म्हण,” गार्गी कुजबुजली. “तुला जायचं होतं ना?”

“तुझ्या आईला जायचं होतं.”

“पेन्शनीत वाढ म्हना भाऊ!” बोबडे मागून म्हणाले. “ते तं सगळ्यालेच पाहिजे असते.”

मी पेन्शनीत वाढ म्हणालो. नाशिककर भिंतीवर पाठमोरे झाले.

“वहिनीच्या नावानं शाळेले बाकं देऊ म्हना.”

“आईला शाळा आवडायची नाही हो काका,” गार्गी म्हणाली.

“मंग शाळेले कुलूप देऊ म्हना,” बोबडे म्हणाले. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि ते खुर्चीत नीट बसले.

मी पुस्तक लिहिणं म्हणून बघितलं, पोहायला शिकणं म्हणून बघितलं. मन:शांती म्हणालो, तेव्हा त्यागींनी मान हलवून पिशवीकडे हात नेला; मन:शांती मागणाऱ्याला ते जवळजवळ तृप्तच धरतात.

गार्गी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिच्या हाताला चिकटपट्टीचा तुकडा लागला होता.

“बाबा, माझ्याकडे यायचं नाही, एवढं तरी म्हण. ते तर खरं आहे ना? म्हण. मला नाही वाईट वाटणार.”

तिला वाईट वाटणार होतं. मी म्हणालो, “मला पुण्याला जायचं नाही.”

नाशिककर वळले. भिंतीवरून खाली, नळाच्या तोटीवर येऊन बसले. ते तिथेच थांबले.

“हे काय नको ते झालं,” ते म्हणाले. “काय हवं ते बोला, यजमान.”

आतून फ्रिजचा आवाज येत होता. त्यागींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा बाहेर काढला. त्याची एक काडी वाकली होती, ती त्यांनी काळजीपूर्वक सरळ केली. शालीची घडी मोडून ठेवली. बोबड्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

मी पानाकडे बघत होतो. आमटी भातातून वाहत कडेला गेली होती आणि तिथे तिचा चकचकीत चिकट थर धरला होता.

“आमटीत गूळ जास्त पडलाय,” मी म्हणालो.

त्यागी दर्भाचा कावळा हातात धरून थांबले.

“रोजच पडतो. हात सैल सुटलाय. वर्षभर मी ती तशीच खातोय आणि चांगली झाली म्हणतोय. इथे, आत ओट्यापाशी कुणीतरी म्हणायला हवं, की जास्त झालाय. पुण्याला गार्गी एकदा म्हणेल आणि लगेच थांबेल. ती माझ्याशी जपून बोलते. मला इथेच ते ऐकायचंय. म्हणजे मला म्हणता येईल, की एवढासाच घातलाय.”

नाशिककर तोटीवरून उतरले. घाई न करता, चालत पानापाशी आले. भाताचं एक शीत त्यांनी बाजूला सारलं, आमटीत चोच बुडवली आणि एक घास घेतला. मग मान वर करून तो गिळला आणि चोच पत्रावळीच्या कडेला दोन्ही बाजूंनी पुसली.

“यजमान,” ते म्हणाले, “ही आमटी आहे की काकवी?”

“एवढासाच घातलाय,” मी म्हणालो.

“एवढासा? माझी चोच चिकटली.”

“तुम्हाला चव कळत नाही.”

“मला? सबंध नाशिक जेवलोय मी!”

“मग तोंड बिघडलंय तुमचं.”

“तोंड माझं बिघडलंय! बघा हो बोबडे, हे कोचशी बोलणं.”

“मी मधात नाही पडत भाऊ,” बोबडे म्हणाले. “नवरा-बायकोच्या अन् कोच-यजमानाच्या.”

त्यागींनी दर्भाचा कावळा पिशवीत ठेवला आणि शालीची पुन्हा घडी घातली. त्यांनी जाताना मला नमस्कार केला. मी वाद घालत असल्याने मला तो परत करता आला नाही. नारळ ते विसरून गेले. गार्गी थोडा वेळ अंगणात उभी होती. मग ती आत गेली आणि खोक्यांवरच्या चिकटपट्ट्या ओढून काढल्याचे आवाज यायला लागले. दुपारी तिने त्या नारळाची चटणी वाटली.

नाशिककर आता बुधवारी आणि शनिवारी येतात. नळाच्या तोटीवर बसतात आणि जेवण पानावर यायच्या आधीच बोलायला लागतात. अलीकडे त्यांचं म्हणणं आहे की मीठही कमी असतं. मी त्यांना स्पष्ट सांगितलंय, की ज्याने जन्मभर पिंडाचा अळणी भात खाल्ला त्याने मिठाबद्दल बोलू नये. त्यावर ते शनिवारी रागावून गेले होते. बुधवारी आले.

गूळ मी अजून कमी केलेला नाही.